नऊ बायकांची रांग

लाटंबार्से,
मंगळवार

प्रिय सुविधा बाय,

अक्षर जयरामचं, तोंड माझं. आपल्या गावच्या बँकेच्या शाखेत खिडकीमागे बसायचा तोच हा जयराम. शाखेला कुलूप लागलं तसा तो साखळी गावच्या शाखेत गेला, आणि दर मंगळवारी बँक पिशवीत घालून गावात आणतो. आता सोप्यावर कदेल टाकून लिहायला बसला आहे. मी सांगते तसंच लिही, सुधारू नकोस, अशी ताकीद दिली आहे. तरी कुठे शहाणं वाक्य दिसलं तर ते त्याचं समज.

गणपतीच्या दोन चवथी झाल्या, तू आली नाहीस. पैसे मात्र दर महिन्याला येतात. फोन टिंग करतो आणि मी म्हणते, आली माझी नात. शेजारची नंदा हसते. हसू दे.

खोटं कशाला बोलू, ही पिशवीतली बँक चांगली आहे गो. पूर्वी पेन्शन काढायला अख्खी सकाळ जायची. जयराम चष्मा पुसणार, वही शोधणार, तोवर साहेब जेवायला. आता दोन मिनिटं लागतात. काजूच्या बिया फोडून माझ्या बोटांच्या रेघा गेल्या, त्यामुळे पिशवीतल्या यंत्राला अंगठा कळत नाही. मग ते तोंड बघतं आणि डोळे मिचकावायला सांगतं. तुझ्या आजोबांना जन्मात डोळा मारला नाही, तो आता दर मंगळवारी जयरामसमोर मारते. लिही रे, लाजतोस काय!

तू शेवटची आलीस त्या चवथीला, नेवऱ्या तळताना म्हणाली होतीस की सगळे फोनवरच व्यवहार करतात, शाखेत माणूस फिरकत नाही, अशाने आपली शाखा राहायची नाही. कुठली ठेवायची नि कुठली नाही, तो कागद पणजीच्या मोठ्या बँकेत तुझ्याच टेबलावर होता. तुझा चेहरा उतरला होता. मी मनात म्हटलं, माणसंच हवीत ना, देते माणसं.

तू पणजीला गेलीस आणि मी माझ्यासकट नऊ बायका जमवल्या. सकाळी पदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला, पाव घेऊन झाले, की आमची तयारी सुरू. नंदाने शंभर भरायचे, मी शंभर काढायचे. दुसऱ्या दिवशी उलट. जयराम घामाघूम. काजूचे व्यापारी रांग बघून पायरीवरूनच परतायचे आणि फोनवर काम उरकायचे. आम्हाला तेही बरंच वाटायचं, रांगेत तेवढी जागा झाली म्हणून.

वर्ष संपायच्या आत शाखा गेली. सही तुझी, हे गावाला कळलं. तुला कोणी काही बोललं नाही, पण तू यायची थांबलीस.

मागच्या मंगळवारी जयरामने मान खाली घालून खरं काय ते सांगितलं. माणूस खिडकीशी आला की बँकेला खर्च, फोनवरून केलं की जवळजवळ काही नाही. आपल्या शाखेत गर्दी सगळ्यांत जास्त, धंदा सगळ्यांत कमी. शाखा बंद करायच्या कागदाला नऊ खात्यांची नावं जोडली होती, पहिलं माझं, पद्मावती. म्हणजे तू तेव्हाच ओळखलंस. आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस. तू गावाचं तोंड चुकवत राहिलीस, आणि चोर इथे नेवऱ्या खात बसला होता! काल आठही जणींना सोप्यावर बसवून सांगितलं, शाखा सुविधाच्या सहीने नाही, माझ्या अकलेने गेली. तर नंदा म्हणते, रांगेची कल्पना तिची! मोठेपणा सोडत नाही मेली. तेव्हा बाय, आता तुला चुकवायला कोणाचं तोंड उरलेलं नाही. गणपतीच्या डोक्यावर फळं टांगतो त्या माटोळीचा उजवा कोपरा तू बांधायचीस. दोन वर्षं मी तिथे कोणाला हात लावू दिला नाही. या महिन्याचे पैसे पाठवू नकोस, त्यांचं बसचं तिकीट काढ. खाली अंगठा उठवला आहे. यंत्राला नाही कळला, तरी तुला कळेल.

तुझीच,
आजी