मोटार डावीकडे ओढते

१० जाने. १९३८, सोम. लोणावळा
मोटार आजही डावीकडे ओढत होती. सपाटीवर स्टिअरिंगचं चक्र जरा सैल धरलं की निघाली गटाराकडे. घरी आले तर धाकटे बंधुराज गोपाळ व्हरांड्यात. (यापुढे गो. पूर्ण नाव लिहिण्याइतका मान आज त्याला नाही.)
"ताई, मोटारीला काही झालेलं नाही. गॅरेजचे मिस्त्रीच म्हणाले, बाईंचा डावा हात जड झालाय. वय झालं."
अठ्ठावन्न! तीस वर्षं मुलींच्या शाळेत फळ्यावर सरळ रेघा ओढल्या त्या कुठल्या हाताने? गो.ला स्वतःला मोटार चालवता येत नाही, हे इथे नोंदवून ठेवते.
मोटार माझी, कागद त्याच्या नावावर. घेतली तेव्हा "बाईच्या नावावर कशाला?" म्हणाला आणि मी मूर्खासारखी गप्प बसले. आता रविवारी ती एका कंत्राटदाराला विकायला निघालाय. मोटार गेली की मी या बंगल्यातलं कुंडीतलं झाड. कोणी उचलून ठेवील तिथे.
तासभर भांडून एक कबुली मिळवली. रविवारपर्यंत मोटार सरळ धावली तर कंत्राटदाराला नकार.

११, मंगळ.
मिस्त्रींकडे. त्यांनी टायरात हवा भरली, म्हणाले झालं. झालं नव्हतं. पुढची चाकं डावी-उजवी बदलायला लावली. तरी तेच.
"बाईसाहेब, रस्ताच डाव्या अंगाला उतरता असतो."
बरं. कामशेतच्या अलीकडे रस्ता रिकामा बघून उजव्या अंगाने चालवली. तिथे उतार उजवीकडे. मोटार उतार सोडून डावीकडेच! पोलीस ओरडला. त्याला सांगितलं, प्रयोग चालू आहे.
मग दोन्ही हात सोडून पाहिले. डावीकडेच. यात माझा जड हात कुठे आला?
कॉन्व्हेंटात भूमितीच्या सिस्टर म्हणत, चिडू नकोस, सिद्ध कर. मी दोन्ही करते.

१२, बुध.
काही सुचलं नाही. गो. जेवताना शीळ घालत होता.

१३, गुरु.
कान्हे गावात माझा बायकांचा वाचनवर्ग. वाटभर मोटारीशी झटापट. वर्ग सुटल्यावर शेजारी सखारामआबा सुतारांच्या अंगणात गलका. आबा बैलगाड्या करतात, सत्तरी ओलांडलेली. एकजण गाडी घेऊन आलेला. गाडी वाकडी चालते म्हणून डाव्या बैलाला आसुडाने मारत होता.
आबा ओरडले, "आरं, त्याला कशापायी मारतुयास? आदी सूत धर!"
गाडीच्या पुढच्या टोकापासून दोरी धरून आसाच्या दोन्ही टोकांपर्यंत मापली. एका बाजूला तीन बोटं जास्त.
"हे बग. आस तिरका बसलाय. बैल काय करंल?"
मी त्या बैलाकडे बघत राहिले. आम्हा दोघांवर एकच आरोप; तसं आबांना सांगितलंही.
"आबा, माझ्या मोटारीला सूत धराल?"
"त्या यंत्रातलं मला कायबी कळत न्हाई, बाई. पन चार चाकं हायती न्हवं? मंग मागल्यापास्नं पुढल्यापतुर धरू. दोनी अंगाला."
धरलं. दोन्ही बाजू सारख्या. माझा चेहराच उतरला.
आबा खाली वाकले. "बाई, म्होरली चाकं वळवून हुबी केलीया तुमी. मास्तरीन आसून!"
चाकं सरळ केली. पुन्हा धरलं. डावी बाजू दोन बोटं कमी! तीनदा मापलं, तीनदा दोन बोटं. मी एवढ्याने ओरडले की वर्गातल्या बायका धावत आल्या. त्यांना वाटलं विंचू.
दोरीला दोन्ही मापांच्या गाठी मारून घेऊन आले.

१४, शुक्र. संक्रांत
सक. आठला मिस्त्रींच्या टेबलावर दोरी टाकली. हसले. मापून बघितल्यावर हसणं संपलं. गाडीखाली शिरले ते बराच वेळ बाहेरच येईनात.
पुढच्या डाव्या स्प्रिंगचे पाटे त्यांनीच दसऱ्याला उघडले होते. पाट्यांमधून जाऊन आस जागेवर धरणारा बोल्ट नवा न घालता जुनाच बसवला. तो तुटला, आणि आस डाव्या अंगाला मागे सरकला.
"होतं असं कधी कधी, बाईसाहेब."
"आपोआप नाही होत. तुम्ही केलंत म्हणून झालं."
नवा बोल्ट. मी उभी राहून आवळून घेतला. दोरी पुन्हा धरली, दोन्ही बाजू सारख्या. त्यांनी तिळगूळ पुढे केला. घेतला. गोड बोलायचं उद्यापासून.

१६, रवि.
गो.ला शेजारी बसवून कान्ह्यापर्यंत. सरळ रस्ता लागला तशी दोन्ही हात मांडीवर ठेवले. गो. किंचाळला, "ताई, धर! धर!" मी पदर नीट केला. मोटार रेघ ओढल्यासारखी सरळ.
आबा अंगणातून म्हणाले, "काय भाऊ, बैल ठीक हाय का?" गो.ला कळलं नाही. मी सांगितलंही नाही.
दु. कंत्राटदार आला. गोपाळने स्वतः नकार दिला. (पूर्ण नाव परत. आजच्यापुरतं.)
मग कागद पुढे ठेवला: मोटार माझ्या नावावर करून दे. तो टोपीशी चाळा करत बसला. शेवटी म्हणाला, "ताई, मला शिकवशील चालवायला?"
"आधी सही."
"आधी शिकव."
चहा निवाला. कागद टेबलावर, किल्ली माझ्या कनवटीला. अजून दोघंही जागचे हललेलो नाही.