काटा शून्यावर ठरत नाही

सोमवार
आलो एकदाचा लेकीकडे. माडीवरची खोली दिली आहे. खिडकी पूर्वेला, टेबल ऐसपैस. सामान चढवताना जावई म्हणाले, बाबा, कपड्यांची एक पिशवी आणि तारांची एवढी खोकी, म्हणजे राहायला आलात की दुकान थाटायला? लेक म्हणाली, अहो, कपडे आणलेत हेच नशीब समजा. पोटभर हसलो. ही गेल्यापासून इतकं मोकळं हसू आलं नव्हतं. खिडकीत उभं राहून शाळेतली पाखरांची कविता म्हटली. शेवटचं कडवं आठवेना. ते नेहमी ही पुरवायची.

मंगळवार
आमचा जुना प्रीॲम्प टेबलावर मांडला. रेकॉर्डचा नाजूक आवाज थोडा मोठा करून पुढच्या ॲम्प्लिफायरकडे पोचवणारी ही पेटी, लग्नाच्या पहिल्या वर्षी घेतलेली. लेकीला म्हटलं, या आठवड्यात तुझ्या आईची गाणी इथे वाजवतो. ती डोळे पुसत खाली गेली.

पण सगळं जोडताच स्पीकरचा पडदा बाहेर ढकलला गेला आणि तसाच राहिला. घाईने तार काढली. गाणं सुरू नसताना प्रीॲम्पमधून बाहेर शून्य व्होल्ट यायला हवेत. इथे थोडी वीज झिरपते आहे आणि एका जागी ठरतही नाही. मीटरचा काटा शून्यावर आणावा, तर चहा पिऊन येईतो सरकलेला. मास्तरांची पाठ वळताच बाकावरून उठणाऱ्या पोरासारखा.

बुधवार
असा सरकता दोष बहुधा उष्णतेचा असतो. झाकण काढून एकेका भागावर हलकी फुंकर घालायची; ज्यावर पडताच काटा हलेल तो चोर. पुढच्याच एका ट्रान्झिस्टरवर, तीन पायांच्या त्या इवल्या भागावर, फुंकलं आणि काटा डुलला.

हिला हा खेळ फार आवडायचा. माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून तीही फुंकायची. काटा हलला की म्हणायची, बघा, तुमच्यापेक्षा हा माझं जास्त ऐकतो.

गुरुवार
नवा ट्रान्झिस्टर डाग देऊन बसवला. काटा शून्यावर थांबला. मग हलू लागला. वर, खाली. वर, खाली.

माझा श्वास लागत असेल म्हणून तोंडाला रुमाल बांधून दाराशी जाऊन उभा राहिलो. खिडकी लावली, पंखा बंद केला. तरी हलतोच आहे. शेवटी श्वास रोखून पाहिला.

तेव्हा तो जास्त हलला.

शुक्रवार
लय ओळखीची आहे. दोन लांब, मग एक अडखळलेला. हिच्या आजारपणात उशाशी बसून रोज हाच श्वास ऐकत होतो.

लेकीला वर बोलावलं. ती टेबलाची कड धरून बघत राहिली. तिलाही कळलं. बाबा, बंद करा ते, म्हणाली. मी म्हटलं, बटण दाबलं तर तिचा श्वास थांबेल. त्यावर ती फार हळू बोलली, की आईला एकदा जाऊ दिलंय ना आपण.

नाही दाबलं.

शनिवार
श्वास मंदावतो आहे. हिच्या शेवटच्या आठवड्यात मंदावला होता तसाच. मी दम रोखला की काटा उचल खातो, सोडला की पडतो.

लेक तार उपटायला आली. तिच्यावर ओरडलो. लहानपणीसुद्धा कधी ओरडलो नव्हतो. कडी लावून घेतली.

खांद्यावर भार आहे. मानेपाशी ऊब. मघाशी माझं बोट बटणाकडे गेलं. मी नेलं नव्हतं. कुणीतरी मनगट धरून, मायेने — मी दुसऱ्या हाताने ते मागे ओढलं. असं करू नकोस गं.

रविवार
लेक दाराबाहेर रडते आहे. जावई म्हणतात, दार तोडतो.

नखं निळी पडलीत. अक्षर हलतं आहे.

काटा शून्याला लागत आला. जन्मभर दुसऱ्यांचे काटे शून्यावर आणून दिले — हा नको —

बोट पुन्हा बटणावर. सोड ना. तुझं नाही ऐकणार —

दम लांब रोखतो आता. उचलला — हललाय, बघ — अजून थोडा — मी सोडत नाही, तू फक्त —