आठ दिवसांचा विरह

३ मार्च
गीतलेखन स्पर्धेचा फॉर्म आणला. शेवटची तारीख वीस. पंचेचाळीस वर्षांचा झालो. आयुष्यभर चष्म्याच्या दुकानात ‘आता दिसतंय का?’ विचारत बसायचं नाही. पहिला नंबर माझाच.

४ मार्च
गेल्या पाच वर्षांची विजेती गाणी वाचली. पाचही विरहाची. माझी अडचण लक्षात आली. बारा वर्षांत बायको एक दिवसही मला सोडून राहिलेली नाही.

५ मार्च
तिला सांगितलं, आठ दिवस बहिणीकडे जा, मला विरह हवाय. तिने विचारलं, माझं काही चुकलं का? म्हटलं, काहीच चुकत नाही, तीच तर पंचाईत आहे! अट एकच, फोन करायचा नाही. दारात थांबून म्हणाली, खरंच जाऊ? मी घड्याळ दाखवलं.

६ मार्च. विरह, दिवस पहिला.
गाढ झोपलो. दुःख आतल्या आत मुरत असावं.

७ मार्च
तीन अंडी, अख्खा पाव. टीव्हीचा आवाज हवा तेवढा. दुःख येईना, म्हणून दुकानात निदान चेहरा उदास ठेवला. मालकांनी विचारलं, पोट बिघडलंय का? लवकर घरी सोडलं. येताना आणखी अंडी आणली.

८ मार्च
लायटर सापडेना. तिला फोन केला. (वस्तूसाठी केलेला फोन धरत नाहीत.) लायटर मिक्सरमागे होता. तिने जेवलात का विचारलं. पटकन ठेवला, अशाने विरह पातळ होतो.

९ मार्च
फोन चार. कुकरची रिंग, मोजे, विम्याचे कागद, पुन्हा मोजे. शेवटचा साडूने उचलला. म्हणाला, ती बाल्कनीत बसलीय, तीन दिवस नीट जेवलेली नाही. म्हटलं, तिकडचं पाणी बाधलं असेल, उकळून द्या. साडूने फोन ठेवून दिला. तसाही तो कमीच बोलतो.

१० मार्च, दुपारी दीड, दुकानात
गाणं आलं! धडाधड आलं! त्या नादात एका आजोबांच्या वाचायच्या चष्म्यात लांबची काच बसवली गेली. कलेपायी एवढं चालायचंच.

लायटर मुका, कुकर रुसला,
मोज्याचा जोडीदार कुठे जाऊन बसला?

अशी सात कडवी. मालकांनी वाचलं आणि म्हणाले, हे पेपरात ‘हरवले आहे’मध्ये द्या. मालकांना काचेपलीकडचं काही कळत नाही.

१३ मार्च, संध्याकाळ
ती आली. बॅग दारातच ठेवून आधी चहा टाकला. थोडी वाळलेली वाटली. मी लगेच गाणं वाचून दाखवलं, दोनदा. तिने विचारलं, यात मी कुठे आहे? नीट समजावलं: लायटर म्हणजे तू, रिंग म्हणजे तू, विमा तर तूच तू. ती हं म्हणाली. मोजे, रिंग, कागद शोधून टेबलावर ओळीने मांडले. मग चहा न पिताच बॅग उचलली. आणखी थोडे दिवस राहीन म्हणाली. म्हटलं, उत्तम, शेवटचं कडवं बाकीच आहे. जिना उतरताना तिने वळून पाहिलं नाही. हे कडव्यात घेतो.

१९ मार्च
गाणं पाठवलं. काम झालं, आता ये, असा निरोप तिला धाडला. बघू, असं उत्तर आलं. बघायचं काय त्यात?

२७ मार्च
जेवण जात नाही. अंड्यांचा वास येतो. टीव्ही बंदच असतो. स्पर्धेचं टेन्शन असणार.

५ एप्रिल
निकाल. पहिल्या दहात नाही. उत्तेजनार्थ नाही. पहिलं आलेलं गाणं विरहाचं नाहीच. दोघं मिळून वाळलेल्या चादरींच्या घड्या घालतात, एवढंच. परीक्षक बदलले असणार.

घर खायला उठतंय. संध्याकाळी तिला फोन लावला. उचलताच म्हणाली, काय सापडत नाहीये? म्हटलं, नाही नाही, सगळं सापडलंय. बरं म्हणाली आणि ठेवला.

फोन कशासाठी केला होता ते सांगायचं राहूनच गेलं.