रोटातले तुझे दोन वाटे

प्रिय स्वप्नीलभाऊ,

श्रावणातली आपली कानबाई देवी बसली, तिचं विसर्जनही झालं. पण या वर्षी प्रसादाचे गव्हाचे रोट संपता संपत नाहीयेत, आणि त्याला कारण तू आहेस. ते पुढे सांगते. आधी तुझ्या शहराबद्दल.

तुला सांगितलं नव्हतं, पण माघापासून ओहायोतलं तुझं शहर माझ्या टेबलावर आहे. जळगावच्या आमच्या कंपनीत अमेरिकेतल्या शहरांच्या लोकसंख्येचे आणि रोजगाराचे अहवाल तयार होतात. कामाच्या वाटपात ते माझ्याकडे आलं. भाऊ तिथे राहतो, हे मी ऑफिसात सांगितलं नाही. दीड लाखाच्या आतबाहेर वस्ती. तरुण माणसं शिकून मोठ्या शहरांकडे जातात, म्हातारी मागे राहतात. सर्वांत जास्त लोक आता इस्पितळांत कामाला, त्याखालोखाल गोदामांत. तुझ्या गल्लीतली शाळा का बंद पडली याचं तुला नवल वाटत होतं. मला कारण माहीत होतं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांचा आकडा मात्र दर तिमाहीला घसरत होता. त्या आकड्यात तू होतास.

मोठा कारखाना बंद करायच्या आधी तिथे जाहीर सूचना द्यावी लागते. तुझ्या प्लांटची सूचना मी चैत्रात वाचली. त्याच आठवड्यात तू आईला म्हणालास, ओव्हरटाइम खूप आहे. ती सूचना मी घरात कुणाला दाखवली नाही. पुढे एकदा ऐन शिफ्टच्या वेळी तू व्हिडिओवर कांदा चिरत होतास. दोन्हीकडच्या वेळांचा हिशेब मी पुन्हा करून पाहिला. आईला फक्त तू वाळलेला दिसलास. मला काळजी नोकरीची नव्हती. तू एकटा त्या स्वयंपाकघरात उभा राहून रोज आमच्यासाठी नवी शिफ्ट रचत राहशील, याची होती.

आता रोट. गहू मोजायला यंदा तानुबाई काकू बसली. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. बायका या मोजणीत नाहीत. माझा आक्षेप दरवर्षीप्रमाणे नोंदवला, दरवर्षीप्रमाणे फेटाळला गेला. मी विचारलं, भाऊ तिकडचा रहिवासी, तिकडच्या गणनेत धरलेला, मग त्याची मूठ इथे कशी? काकू म्हणाली, "तठे ऱ्हास, पन आठना शे." आणि इथलाच म्हणून तुझी मूठ टाकली. मग ती चहा ठेवायला उठली, तिच्या जागी आई बसली, आणि आईनं पहिली मूठ तुझ्याच नावाची टाकली. गहू दळून आल्यावर दोघींच्या लक्षात आलं. देवीच्या नावानं मोजलेलं परत काढायचं नाही, घराबाहेरच्याला द्यायचं नाही, वायाही घालवायचं नाही. त्यामुळे आम्ही दोन्ही वेळा रोट दुधात कुस्करून खातोय. छगनकाका ओरडले, "या स्वप्नीलना दोन वाटा खाई खाई मना दात हालनात! बलाव त्याले!"

सगळे हसले, आई हसली नाही. नंतर मोरीत भांडी घासताना मला म्हणाली, "खरं सांग, त्यानं काय चाली ऱ्हायनं?" मी सांगितलं. आकडे समजावत बसले नाही. प्लांट बंद झालाय आणि तो आपल्याला सांगत नाहीये, एवढंच. ती बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली. मग म्हणाली, "नोकरीच गई ना? तो तं बरा शे ना? मंग घर ये म्हन त्याले. आपला नरडाणाले बी कारखाना शेतस." आणि पातेलं माझ्या हातात दिलं, धुवायला. मला इतकं हलकं वाटलं की त्या संध्याकाळी एक जादा रोट मी कुणी न सांगता खाल्ला.

काल तुझा मेसेज आला: नोकरी गेली, परतीचं तिकीट काढलंय, आईला मी फोनवर नीट सांगेन, तू काही बोलू नकोस. उशीर झाला, भाऊ. ते वाक्य जुळवत बसू नकोस. तुझ्या फोनच्या आधी तुला हे कळावं म्हणून हे पत्र ईमेलनं पाठवतेय. तू फोन केलास की आई फक्त जेवलास का विचारेल. या वेळी खरं सांग. एक रोट तिनं डब्यात वेगळा काढलाय आणि त्याला कुणाला हात लावू देत नाही. आमच्या मोजणीत तू सध्या दोनदा धरलेला आहेस. दुरुस्ती करायला ये.

तुझीच,
सारिका