केस जळल्याचा वास

कौतोकेइनो, नोव्हेंबर

आदरणीय बेरित वन्सं यांस,

रावनाचा नमस्कार. ओस्लोच्या निसरड्या रस्त्यांवर तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवावं. मुस्टीचंही कळवावं. (मेच्या सुट्टीत त्याच्यावरून जे झालं, त्यानंतर या घरचं पत्र तुम्ही उघडाल की नाही, ठाऊक नाही. सासूबाईंनी रेनडियरच्या केसाळ कातड्यातून शिवलेल्या शेवटच्या हातमोज्यांपैकी एक तुमच्या या कुत्र्यानं खाल्ला, असं हे म्हणाले. आणि "घे, हाही घाल त्याला," म्हणून दुसरा तुमच्या गाडीत फेकला. तुम्ही निघून गेलात. ऑगस्टमध्ये हेही गेले. अंत्यविधीला चर्चमध्ये तुम्ही शेवटच्या बाकावर बसलात आणि कॉफीला थांबला नाहीत.)

लिहायचं कारण ह्यांची बर्फगाडी. गेल्या शनिवारी डोंगरावर सगळ्यांची रेनडियरं निवडून वेगळी करायची होती. तुमचे चुलतभाऊ मिहकाल म्हणाले, "वहिनी, गाडी चालू झाली नाही तर तुमची जनावरं मी माझ्या कळपात धरतो. एकट्यानं कशाला त्रास?" भलेपणानंच म्हणाले. पण एकदा त्यांच्यात गेलेली जनावरं परत मागायला माझं तोंड उघडणार नाही, हे तुम्ही जाणता.

गाडी चालू व्हायची, ढास लागल्यासारखी खोकायची आणि बंद पडायची. मिहकाल म्हणाले, पेट्रोल शिळं झालंय. ते बदललं. मग प्लग बदलले. शेजारचे नीलास आले, "प्लग कसले बदलतोस? आधी स्वतःचं डोकं बदल. कार्बोरेटर तुंबलाय," म्हणाले आणि तो सुटा करून माझ्या चांगल्या कातड्यावर मांडून बसले. जोडल्यावर गाडी पूर्वीपेक्षा मोठ्यानं खोकली, आणि केस जळल्यासारखा वास सुटला. "पट्टा जळतोय," दोघे एकदम म्हणाले. (तेवढ्या एकाच बाबतीत त्यांचं एकमत झालं.) नवा पट्टा आणला. माझं सुकं मांस आणि कॉफी संपत आली, वास तसाच. गाडीच्या धुराड्याचा विचार मिहकालना सुचला होता. उंदरांनी घर करू नये म्हणून वसंतात गाडी ठेवताना सगळेच त्यात चिंधी कोंबतात आणि आठवणीसाठी हँडलला लाल फीत बांधतात. "पण फीत कुठंय? इस्साट विसरणारा नव्हता. फीत बांधली नाही म्हणून दर वर्षी मलाच झापायचा," ते ह्यांची आठवण काढून म्हणाले. विषय मिटला.

पण रेनडियरची कातडी कमावण्यात माझा जन्म गेला आहे. पट्टा जळल्याचा वास वेगळा आणि केस जळल्याचा वेगळा. ते कॉफी पीत असताना मी पातेलं उचलायचा आकडा धुराड्यात घातला. हातमोजा निघाला. अंगठा करपला होता, बाकी टाके शाबूत.

दोघांनी कप खाली ठेवले. मग नीलास म्हणाले, "म्हणजे कुत्र्यानं नव्हता खाल्ला? इस्साटनंच चिंधी म्हणून कोंबला?" मिहकाल हसले, आणि हसताहसताच बाहेर निघून गेले.

शनिवारी मी गाडी चालवत गेले. जनावरं माझ्याकडेच आहेत.

हे असते तर त्यांनी तुम्हाला फोन केला असता का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. नसता केला. दोन दिवस गाडीभोवती घुटमळले असते आणि मग काही न कळवता तुमच्याकडे अर्धं रेनडियर पाठवलं असतं. पण तेवढं तरी करायला ते हवे होते.

तुमची,
रावना

ता. क. बसने एक पोतं पाठवलं आहे. त्यातली हाडं मुस्टीसाठी. ती ह्यांच्याकडून आहेत असं त्याला सांगावं.

पुन्हा ता. क. दुसरा हातमोजा तुम्ही ठेवला असेल तर टपालानं पाठवू नका, टपालात वस्तू हरवतात. ईस्टरला स्वतः घेऊन या, मुस्टीलाही आणा, आणि या वेळी कॉफीला थांबा. आतापर्यंत त्यानं तो खरंच खाल्ला असेल, तरीही या.