शर्ट सोडायचा नाही

सरावाचा मुक्काम, ओहायो
२४ जुलै १९७८

ती. पप्पा व ती. आईस,
सिरिलचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. आईनं बांधून दिलेला अक्रोडाचा रोल पहिल्याच संध्याकाळी फस्त झाला आणि माझ्या वाट्याला फक्त शेंडा आला. शेजारच्या खोलीत आमचा सेंटर, म्हणजे लाईनच्या मधोमध उभा राहणारा, ड्वाइट आहे. पुढचा रोल परस्पर त्याच्याच नावानं पाठवावा, अशी त्याची आईला विनंती आहे.

पप्पा, बातमी अशी आहे की मला एका जागी बसवत नाहीये. यंदा फुटबॉल लीगनं नियम बदलला. आई, तुला म्हणून सांगतो: क्वार्टरबॅक मागे चेंडू फेकायला उभा राहतो तेव्हा पुढे आम्ही पाच जण भिंत धरतो. आजवर मुठी आपल्याच छातीशी ठेवून, कोपरांनी आणि खांद्यांनी निभवावं लागायचं. आता हात उघडायला, लांब करायला परवानगी मिळाली आहे. समोरच्याला पकडायचं नाही, पण तळवे त्याच्या छातीवर ठोकून त्याला हातभर लांब ठेवता येतं. एकतिसाव्या वर्षी मला कुणी नवे हात बसवून दिलेत असं वाटतंय.

आम्हा पाचांच्या लाईनला कोचही नवा आलाय, लॉइड टार्पली, टेक्सासचा. माझ्याहून जेमतेम तीन वर्षांनी मोठा. ओरडत नाही. आम्हा पाचांना एका ओळीत उभं करतो आणि पहिलं पाऊल पाचांचं एकदम पडल्याशिवाय दुसरं टाकू देत नाही. म्हणतो, मला पाच चांगली माणसं नकोत, पाचांचं मिळून एक माणूस हवंय. परवा स्वतःच माझ्यासमोर उभा राहिला आणि ढकल म्हणाला. मी ढकलायला गेलो, तर माझ्या हातांच्या आपोआप मुठी झाल्या आणि त्या माझ्याच शर्टावर जाऊन बसल्या. सगळे हसले, मीही हसलो, पण मनातून जरा टरकलो.

कारण माझ्या जागेवर नेब्रास्काचा एक पोरगा आलाय, केसलर, बावीस वर्षांचा. दोघांपैकी एकच राहणार. ऑगस्टअखेर कळेल.

लोभ आहेच. मला घरी पाठवलं तरी तो कमी होऊ नये, ही विनंती.
आपला
सिरिल

—

मोनोंगहेला काठ, पेनसिल्व्हेनिया
२९ जुलै १९७८

चि. सिरिल यास,
मेतोद हुडाकचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी आई बरी आहे, गुडघा सोडून. कोबी यंदा झकास धरलाय.

आता तुझ्या त्या टेक्सासच्या शहाण्याबद्दल. उघडे हात खिसे कापायला लागतात, लाईनवर नाही. तू आठ वर्षांचा होतास तेव्हा मी तुला परसात उभं केलं आणि पहिली गोष्ट शिकवली, की छातीशी मुठीत धरलेला आपला शर्ट सोडायचा नाही. तू इतका घट्ट धरायचास की कापड फाटायचं, शेवटी आईनं पुढून चामड्याचे तुकडे शिवून दिले. त्या सवयीनं तुला कॉलेजात नेलं आणि पोलादाच्या भट्टीसमोर उभं राहण्यापासून वाचवलं. ते सगळं आता एका उन्हाळ्यात विसरायचं म्हणे.

हात लांब केले की वजन पुढे जातं. वजन पुढे गेलं की समोरचा नुसता बाजूला सरकतो आणि आपण तोंडावर आपटतो. हे मी शाळेच्या टीममधल्या माझ्या पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलोय, तुला लिहून कळवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. नियमांचं काय, आज बदलतील, उद्या फिरवतील. तोवर तुझ्या मुठी जिथल्या तिथं असू देत. आणि केसलरला घाबरू नकोस. नेब्रास्काची पोरं मका खाऊन उंच होतात, टिकत नाहीत.

दर आठवड्याला पत्र टाकीन आणि काय चुकतंय ते कळवीन.

आईचाही आशीर्वाद. तिला विचारलेलं नाही, पण असतोच.
तुझे
पप्पा

—

ओहायो
१३ ऑगस्ट १९७८

ती. वेरोनाताईस,
सिरिलचा सा. न. वि. वि.

हे पत्र पप्पांच्या हाती लागू देऊ नकोस. वाचून झालं की दाजींच्या दुकानात सॉसेज गुंडाळायला वापर.

काल सरावाचा सामना झाला आणि माझी पार शोभा झाली. डावा हात टार्पलीचं ऐकून उघडला आणि उजवा पप्पांचं ऐकून शर्टावर गेला. समोरचा गडी त्या अर्ध्या उघड्या दारातून आत शिरला आणि त्यानं आमच्या क्वार्टरबॅकला असं आडवं केलं, की बिचारा उठला तो थेट दुसऱ्या टीमच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. मग मला सांभाळायला ड्वाइट माझ्या बाजूला सरकायला लागला आणि त्याची बाजू उघडी पडली. आमच्यात एकाचं चुकलं की पाचांचं चुकतं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं माझं झालंय.

पप्पांचं पत्र दर आठवड्याला येतं. न फोडता ठेवून द्यावं म्हणतो, पण ते अक्षर पाहिलं की मी पुन्हा आठ वर्षांचा होतो. मैदानावर चेंडू हलला की कानात टार्पली नसतो, पप्पा असतात.

आज टार्पलीनं खोलीत बोलावलं. मला वाटलं, सामान बांध म्हणणार. त्यानं सामन्याची फिल्म लावली, माझ्या हातांवर थांबवली आणि हा उजवा हात कुणाचा आहे, असं विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. तो हसला नाही. म्हणाला, तुझ्या वडिलांनी घडवलेले पाय मला हवेत, असे पाय या टीममध्ये दुसऱ्या कुणाकडे नाहीत, पण हात मात्र माझे लागतील. आणि कुणाचं ऐकायचं ते सव्वीस तारखेच्या सामन्याआधी ठरव, नाहीतर मला केसलरला उभं करावं लागेल.

ताई, मला इथं राहायचंय. इतकी वर्षं खेळून हा खेळ मला आत्ता कुठे नव्यानं कळायला लागलाय. सरावात कधी माझे दोन्ही हात एकदम उघडतात आणि पाचांचं पाऊल एकदम पडतं, तेव्हा अंगावर काटा येतो. पण पप्पांना तोंडावर कसं सांगू, की तुमचं ऐकायचं थांबवतोय? तूच काहीतरी सुचव.

दाजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस, सध्या तिची गरज आहे.
तुझा
सिरिल

—

घरून
१७ ऑगस्ट १९७८

चि. सिरिल यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सॉसेजवर गेलं नाही, सरळ पप्पांच्या हातात दिलं. रागाव हवं तर. माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे, तरी मलाच लिहिलंस, म्हणजे तुलाही तेच हवं होतं.

पप्पा वाचता वाचता लालबुंद झाले. पायांचा मजकूर मात्र दोनदा वाचला आणि म्हणाले, या टेक्सासवाल्याला कमरेखालचं तरी कळतं. मग हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून तुझ्या दाजींना परसात बोलावलं. ते नुकतेच दोन ताटं हलुश्की हाणून बसले होते. पप्पांनी त्यांना फर्मावलं की माझ्या अंगावर चालून ये, सासरा आहे हे विसर. दाजी म्हणाले, या संधीची मी लग्नापासून वाट बघतोय.

पहिल्यांदा पप्पा मुठी शर्टावर धरून उभे राहिले. दाजींनी त्यांना ढकलत ढकलत कुंपणापर्यंत नेलं. मग पप्पांनी शेजारीपाजारी कुणी बघत नाही ना याची खात्री केली आणि हात उघडले. तुझे दाजी कोबीच्या वाफ्यात उताणे. पप्पा म्हणाले, पाय घसरला असेल, पुन्हा ये. पुन्हा वाफ्यात. अख्खा कोबी भुईसपाट झाला तेव्हा आई झाडू घेऊन बाहेर आली आणि दोघांनाही आत हाकललं.

मी हसून हसून बेजार झाले होते, पण पप्पांकडे लक्ष गेलं आणि हसू थांबलं. ते परत बाहेर जाऊन बाकावर बसले होते, आपल्याच तळव्यांकडे बघत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मी त्यांना येता-जाता ऐकवते, त्या दिवशी तोंडातून निघालं नाही. मला फार वाईट वाटलं. जेवण होताच पप्पांनी कागद शोधायला घेतला. बहुतेक तुला लिहितील. जपून वाच.

इकडची काळजी करू नकोस, दाजींची पाठ तेवढी शेकतेय.
तुझी
ताई

—

१८ ऑगस्ट १९७८

चि. सिरिल यास,
आशीर्वाद.

वेरोनानं तिखटमीठ लावून कळवलंच असेल. कोबी अर्धा गेला, अख्खा नाही.

मी चुकीचं शिकवलं असं कुणी म्हणू नये. त्या नियमात तेच बरोबर होतं. आता नियम बदललाय. शर्ट सोड.

माझ्या पोरांचे बाप कुंपणावरून सूचना द्यायला लागले की मी त्यांना काय करतो ते तू पाहिलंयस. शिट्टी वाजवतो आणि मैदानाबाहेर घालवतो, कारण एका लाईनला कोच एकच असतो. या खेपेला कुंपणावर मीच चढलो होतो. तर उतरलो. टार्पली सांगेल तसं कर. सीझन संपेपर्यंत मी फुटबॉलबद्दल एक अक्षर लिहिणार नाही.

पाय मात्र तुझे आहेत तसेच ठेव. हे शेवटचं अक्षर.

पप्पा

—

ओहायो
२९ ऑगस्ट १९७८

ती. पप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

राहिलो. पप्पा, मी टीममध्ये राहिलो. आधी ते लिहितो, म्हणजे आईचा जीव भांड्यात पडेल.

तुमचं पत्र सामन्याच्या तीन दिवस आधी आलं. वाचून मी ड्वाइटकडे गेलो आणि म्हणालो, आजपासून माझे दोन्ही हात एकाच गावचे. तो म्हणाला, तुझे वडील मोठा माणूस आहेत, आता रोल कधी येतोय ते विचार. सामन्यात माझ्यासमोर असा दांडगा गडी होता की त्याच्या सावलीत मी मावलो असतो. चेंडू हलला. तुम्हाला खरं सांगतो, या वेळी कानात कुणीच नव्हतं. पाचांचं पाऊल एकदम पडलं, माझे तळवे त्याच्या छातीवर बसले आणि त्याचा श्वास बाहेर पडलेला मी ऐकला. मग मी नुसता खाली बसल्यासारखा झालो आणि तो तिथंच अडला. पुन्हा आला, पुन्हा अडला. शेवटी शेवटी तो चिडून माझ्या आजीचा उद्धार करायला लागला, तेव्हा मला इतका आनंद झाला की काय सांगू.

आम्ही हरता हरता शेवटच्या खेळीत जिंकलो. क्वार्टरबॅक म्हणतो, मागे इतका निवांत वेळ होता की कॉफी पिऊन झाली असती. आणि कधी आवाज न चढवणारा टार्पली टोपी हवेत फेकून असा ओरडला की घसाच बसला. टोपी अजून सापडलेली नाही.

काल सकाळी टीममधून वगळलेल्यांच्या दारांवर थापा पडल्या. बोळातली पावलं माझ्या दारापुढून गेली आणि केसलरच्या दाराशी थांबली. पोरगा जाताना हात मिळवायला आला. त्याचं वाईट वाटलं, चांगला आहे, कुणीतरी घेईल त्याला. त्याचा निरोप घेऊन आत आलो आणि दार लावून एकटाच रडलो, हसतही होतो.

रविवारचा पहिला सामना टीव्हीवर आहे. बघा. लिहू नका म्हणत नाही, पण शब्द तुमचा आहे. तुमचं प्रेम आजवर दर आठवड्याच्या सूचनांतून मिळालं, आता नुसत्या खुशालीतून मिळालं तरी पुरेल.
आपला
सिरिल

—

मोनोंगहेला काठ
६ सप्टेंबर १९७८

चि. सिरिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आईचा गुडघा बरा आहे. उरलेला कोबी आंबवायला घातला. ड्वाइटचा रोल वेगळ्या पार्सलनं निघालाय. रविवारी चर्चमध्ये प्रवचन लांबलं म्हणून मी मधूनच उठलो आणि आईनं बाकी सगळ्यांसमोर माझा कोट ओढला. टीव्हीवर काय पाहिलं ते लिहीत नाही, शब्द म्हणजे शब्द. आई म्हणते तुझा चेहरा उतरलेला दिसतो. हेल्मेटमधून तिला चेहरा कसा दिसला, देव जाणे.

शाळेची मात्र एक बातमी आहे. ही फुटबॉलची बातमी नव्हे, शाळेची आहे, हे ध्यानात घे. शाळांचा नियम अजून जुनाच आहे, त्यामुळे सामन्यात माझ्या पोरांच्या मुठी छातीशीच राहणार. पण आज ना उद्या बदल इथवर येणार, आणि त्या दिवशी माझी पोरं कुणाच्या मागं राहिलेली मला चालायची नाहीत. म्हणून सराव संपता संपता त्यांना थोडा वेळ हात उघडायला लावतो. सोमवारी विचारलं, काल सामना कुणी पाहिला. सगळ्यांनी पाहिला होता. मग म्हणालो, माझा सिरिल करतो तसं करा. हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला पाठ फिरवून उगाच शिट्टी पुसत बसावं लागलं.

आता एका ठिकाणी अडलोय. तळवा ठोकताना अंगठा वर ठेवायचा की आत घ्यायचा? टीव्हीत नीट दिसत नाही. तुझ्या दाजींवर दोन्ही करून पाहिलं, ते दोन्हीत पडतात. पोरं रोज विचारतात आणि मी उद्या सांगतो म्हणून वेळ मारून नेतो. टार्पलीला विचारू नकोस. तूच सांग, तसं शिकवीन.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
तुझे
पप्पा