रांगेतला वर्ग

३ आबान, शनिवार
विद्यापीठातून काढलं मला! तेहरानच्या पोरांना सत्तावीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, आणि निरोप आणला एका कारकुनानं. गुन्हा काय, तर भाववाढीचा खरा आकडा वर्गात सांगितला. वर हमीपत्र — ‘कोणत्याही संस्थेत, सभागृहात वा घरात शिकवणार नाही.’ दोनदा वाचलं. मुकाट सही केली. घरी नवरा भडकला. “अगं, सही केलीसच कशी?” फर्रुख इंजिनियर आहे, कागद नीट वाचत नाही. त्यात ‘रस्त्यावर’ कुठं लिहिलंय?

५ आबान, सोमवार
सकाळी सात. कोपऱ्यावर उस्ता यदुल्लाची रोटीची भट्टी. एकच रोटी हवी त्यांची रांग छोटी, जास्त हव्यात त्यांची लांबलचक. लांब रांगेत माझ्या वर्गातली अकरा पोरं! सरकारनं रोटीचा भाव बांधला की काय होतं, ते शिकवलं. मागून कुणी आलं की पोरं म्हणतात, “काका, तुम्ही आधी घ्या.” वर्ग संपतच नाही. रांगेत उभं राहायला कुणाची परवानगी लागते?

९ आबान, शुक्रवार
तेवीस जण! मी म्हटलं, भाव बांधला की माल गायब होतो. उस्ता आतून ओरडला — “बाई, गायब कशाला होतोय? कणकेचा गोळा लहान होतो!” सगळे खो खो हसले. मीही. घरी येऊन टिपणं फाडली, नव्यानं लिहिली. भर वर्गात माझी चूक अशी आजवर कुणी पकडली नव्हती. फार बरं वाटलं.

१२ आबान, सोमवार
कचेरीतून बोलावणं. नवं हमीपत्र — आता ‘रस्ता व रांग’सुद्धा! नाही केली सही. साहेब गोड आवाजात म्हणतो, “आई, तुमचं पेन्शन…” म्हटलं, आई म्हणू नकोस मला. आणि पेन्शन ठेव तुझ्याकडेच!

१४ आबान, बुधवार
भट्टीला सील. माझ्यामुळे! मला सोडून त्या बिचाऱ्याला धरलं, हलकट मेले! सात माणसं जेवतात त्या भट्टीवर. उद्या जाऊन पोरांना घरी पाठवते. संपलं.

१५ आबान, गुरुवार
गेले. बंद भट्टीसमोर रांग, गल्लीच्या टोकापर्यंत. पुढे परात पालथी घालून तिच्यावर उस्ता यदुल्ला उभा. “सरकारी पिठाची पोती वाटेत कुठे उतरतात, ते आज मी शिकवतो! बाईंना ते ठाऊक नाही.”
मी रांगेत शेवटी उभी राहिले.